मुलाखतीत खरे किती बोलावे?

नवे शैक्षणिक वर्ष जवळ आले, की शाळांच्या सूचनाफलकांवर नोकरीच्या जाहिराती लागतात. पूर्वी त्या शिक्षक, कारकून आणि शिपाई एवढ्यांपुरत्याच असत. अलीकडे त्यांत एका नव्या जागेची भर पडली आहे. कुठे तिला ‘आरोग्य सहायिका’ म्हणतात, कुठे ‘सिक रूम अटेंडंट’, तर कुठे सरळ ‘शाळेची नर्स’. आपल्या वसईच्या पट्ट्यात शिक्षिका आणि नर्स घराघरांत आहेत. तेव्हा या दोहोंच्या मधल्या नोकरीकडे आपल्या मुलींचे, विशेषतः लहान मुले असलेल्या आयांचे लक्ष जाणे साहजिक आहे. मुलांबरोबर जायचे, मुलांबरोबर परतायचे. विरार लोकलची गर्दी नाही, रात्रपाळी नाही.

जाहिरातीमागून मुलाखत येते आणि मुलाखतीआधी एक प्रश्न येतो. तो आम्हां धर्मगुरूंना वारंवार विचारला जातो: “फादर, तिथे काय सांगायचं?” विचारणारीला बहुधा चार हुशार उत्तरे हवी असतात. पण प्रश्नाच्या पोटात आणखी एक प्रश्न असतो आणि तो नीतिशास्त्राचा आहे. आपल्याला नोकरीची गरज आहे, टेबलापलीकडे तीन-चार अनोळखी माणसे बसली आहेत, वेळ दहा-पंधरा मिनिटांचा आहे. त्यांना आपल्याविषयी किती खरे सांगावे? सगळे? सोयीचे तेवढे? की थोडे वाढवून?

आधी हे काम काय आहे ते नीट पाहू, कारण खरेपणाचे माप कामावरूनच ठरते. शाळेत आरोग्यासाठी स्वतंत्र माणूस असावे ही कल्पना तशी जुनी आहे. १९०२ साली न्यूयॉर्कमध्ये लिलियन वॉल्ड यांच्या पुढाकाराने लीना रॉजर्स नावाच्या परिचारिकेला एका महिन्याच्या प्रयोगासाठी चार शाळांत पाठवण्यात आले. त्याआधी डॉक्टर येत, मुलांना तपासत आणि उवा, नायटा, डोळ्यांची खुपरी असलेल्या मुलांना घरी धाडून देत. पण घरी उपचार कोण करणार? मूल महिनोन् महिने शाळेबाहेर राही आणि गल्लीत त्याच मित्रांबरोबर खेळत राही. रॉजर्सबाईंनी शाळेतच मलमपट्टी केली, घरोघर जाऊन आयांना समजावले आणि मुले वर्गात परत आली. प्रयोग यशस्वी ठरला आणि नेमणुका वाढत गेल्या.

आपल्याकडचा दाखला तर अगदी दाराशी आहे. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचा देशातला आरंभ फेब्रुवारी २०१३ मध्ये पालघर येथे झाला. पालघर तेव्हा ठाणे जिल्ह्यात होते. जन्मतः असलेले दोष, जीवनसत्त्वांसारख्या घटकांची कमतरता, बालपणीचे आजार आणि वाढीतील विलंब, या चार गोष्टींसाठी जन्मापासून अठरा वर्षांपर्यंतच्या मुलांची तपासणी व्हावी, अशी ती योजना आहे. पथकात डॉक्टर, परिचारिका आणि औषधनिर्माता असतात. अंगणवाडीत त्यांनी वर्षातून दोनदा यायचे, सरकारी आणि अनुदानित शाळांत एकदा. योजना चांगली आहे. पण पथक एका दिवशी येते. मधल्या सुट्टीत पडून कपाळ फुटणारे मूल पथकाची तारीख पाहून पडत नाही. उरलेल्या सगळ्या दिवसांसाठी शाळेला स्वतःचे माणूस लागते, आणि त्यासाठी ही मुलाखत आहे.

आता तयारीविषयी. तयारी करणे हाच मुळी खोटेपणा आहे, असे काही सरळ मनाच्या माणसांना वाटते. ‘जे आहे ते आहे, तिथे जाऊन बोलू’, असे ती म्हणतात. हे आम्हांला पटत नाही. रविवारच्या प्रवचनाची तयारी आम्ही आठवडाभर करतो (निदान तशी अपेक्षा असते). म्हणून ते प्रवचन खोटे ठरत नाही. आधी विचार केलेला शब्द आणि खोटा शब्द या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. उलट, तयारी न केलेला माणूस घाबरून भलतेच बोलून जातो. आपण काय केले आहे, काय येते, काय येत नाही, हे घरी शांतपणे बसून कागदावर उतरवणे म्हणजे एक प्रकारे विवेकबुद्धीची तपासणीच आहे. फरक एवढाच, की इथे पापांबरोबर गुणही मोजायचे असतात, आणि ते आपल्याला जास्त जड जाते.

ते का जड जाते याचे उत्तर सेमिनरीत तत्त्वज्ञान शिकताना अ‍ॅरिस्टॉटलच्या नीतिशास्त्रात सापडले होते. स्वतःविषयी बोलताना माणूस दोन बाजूंनी घसरतो, असे तो म्हणतो. एक बढाईखोर, नसलेले आहे म्हणून सांगणारा. दुसरा स्वतःला कमी लेखणारा, असलेले नाही म्हणून सांगणारा. खरा माणूस या दोघांच्या मध्ये उभा असतो. बढाई मारणे खोटे आहे हे आपल्या सर्वांना कळते. पण स्वतःला कमी लेखणे हेही सत्यापासून ढळणेच आहे, हे आपल्या घरांत कोणी शिकवत नाही. मुलींना तर लहानपणापासून उलटेच शिकवले जाते. आणि त्याला आपण नम्रता म्हणतो.

समजा, एका बाईंनी सासूबाईंचे अर्धांगवायूचे आजारपण सहा वर्षे काढले. दर दोन तासांनी कूस बदलली, पाठीला जखमा होऊ दिल्या नाहीत, साखर मोजली, इन्सुलिनची सुई टोचली, डॉक्टरांना फोनवर नेमके काय सांगायचे ते शिकल्या. मुलाखतीत त्यांना विचारतात, “अनुभव काय?” त्या म्हणतात, “काही नाही हो, मी घरीच असते.” हे उत्तर नम्र वाटते, पण ते खरे नाही. ज्यांना सहा वर्षांत एकदाही आजाऱ्याच्या पाठीला जखम दिसली नाही त्यांनी ‘काही नाही’ म्हणावे, हा त्या कष्टांवर अन्याय आहे आणि समोरच्या माणसांची दिशाभूलही. अ‍ॅरिस्टॉटलला दोन्ही घसरणींपैकी बढाई अधिक वाईट वाटते आणि कमी लेखणारे लोक त्याला थोडे अधिक सुसंस्कृत वाटतात. तो अथेन्सच्या प्रतिष्ठित पुरुषांविषयी बोलत होता. आपल्या गावातल्या बायकांना त्याने मुलाखत देताना पाहिले असते, तर त्याचे मत बदलले असते असे आम्हांला वाटते.

मात्र याच बाईंना कोणी आतेबहीण सल्ला देते, “बायोडेटात सरळ ‘नर्स’ लिही. कोण बघतंय?” इथे दुसरी बाजू सुरू होते. नर्स हा नुसता कौतुकाचा शब्द नाही. जी.एन.एम. किंवा ए.एन.एम. चा अभ्यासक्रम पुरा करून महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलकडे नोंदणी केलेल्या व्यक्तीचे ते नाव आहे. सहा महिन्यांचा होम नर्सिंगचा कोर्स चांगला आहे, घरच्या सेवेचा अनुभव मोलाचा आहे. पण दोन्ही मिळूनही तो शब्द होत नाही. आणि तो शब्द वापरल्याने फसते कोण? मुलाखत घेणारे तर फसतातच. खरी फसवणूक होते ती त्या आईची, जी दम्याच्या मुलाला सकाळी फाटकाशी सोडते आणि ‘शाळेत नर्स आहे’ या भरवशावर कामाला जाते. तिने मुलाखत घेतली नव्हती. तिला प्रश्न विचारायची संधी नव्हती. काही खोटी विधाने बोलणाऱ्याचीच अब्रू घालवतात. हे मात्र टेबलाशी हजर नसलेल्या मुलाच्या जिवावर बेतू शकते.

म्हणून या जागेच्या मुलाखतीत सर्वांत महत्त्वाचे वाक्य कोणते, असे कोणी विचारले, तर आम्ही सांगू: “हे मला येत नाही.” सॉक्रेटिसने आपल्याला काही कळत नाही हे कळण्यातच शहाणपण मानले. शाळेच्या सिक रूममध्ये मात्र तेवढ्यावर भागत नाही; तिथे आपल्याला येत नाही हे कळल्यानंतर कोणाला फोन करायचा हेही कळावे लागते. “मला टाके घालता येत नाहीत. मी जखमेवर स्वच्छ कापड दाबून धरीन, मुख्याध्यापिकांना आणि पालकांना कळवीन, आणि रक्त थांबत नसेल तर १०८ ला फोन करीन.” हे उत्तर अपुरे नाही. विचारणारी माणसे शहाणी असतील, तर त्यांना हेच ऐकायचे असते.

आणि जे यायला हवे ते खरोखर शिकून जावे. नाकातून रक्त आले, की आपण मुलाची मान मागे टाकतो आणि डोक्यावर पाणी थापतो. तसे करू नये. रक्त घशात जाते. मुलाला बसवून थोडे पुढे वाकवावे, नाकाचा मऊ भाग चिमटीत धरून दहा मिनिटे सोडू नये, तोंडाने श्वास घ्यायला सांगावे. फिट आली, की कोणी चप्पल हुंगवते, कोणी कांदा आणते, कोणी दातांत चमचा घालते. यातले काहीही करायचे नाही. आसपासच्या टणक वस्तू दूर करायच्या, डोक्याखाली मऊ काही ठेवायचे, कुशीवर वळवायचे आणि घड्याळाकडे पाहायचे. पाच मिनिटांत फिट थांबली नाही, पुन्हा आली किंवा आयुष्यात पहिल्यांदाच आली असेल, तर इस्पितळ. डोक्याला मार लागलेले मूल उलटी करू लागले किंवा पेंगू लागले, तर त्याला ‘झोपू दे जरा’ म्हणायचे नाही. कुत्रा चावला तर हळद-चुना नाही. साबण आणि वाहत्या पाण्याने पंधरा मिनिटे धुवायचे आणि त्याच दिवशी लशीसाठी पाठवायचे. गोळी, अगदी तापाची सुद्धा, पालकांच्या संमतीवाचून आणि डॉक्टरांच्या सूचनेवाचून आपल्या मनाने द्यायची नाही. या गोष्टी पाठ करून सांगितल्या तरी त्या खोट्या होत नाहीत, कारण त्या सोमवारी उपयोगी पडणार आहेत. तयारीची आमच्या मते हीच कसोटी आहे: जे उत्तर मुलाखतीनंतरही जगता येईल ते खरे, आणि जे खोलीबाहेर पडताच विसरायचे आहे ते खोटे.

आता एका अवघड प्रश्नाकडे येऊ. मुलाखतीत तो हल्ली विचारला जातो आणि विचारलाच पाहिजे. “एखादी मुलगी पोट दुखते म्हणून वारंवार तुमच्याकडे येते. एक दिवस ती म्हणते, ‘मावशी, एक सांगते, पण कुणाला सांगू नका.’ तुम्ही काय कराल?” चांगल्या मनाची उमेदवार लगेच म्हणते, “मी तिचं गुपित कधीच बाहेर जाऊ देणार नाही.” उत्तर ऐकायला सुंदर आहे. पण ते चुकीचे आहे.

आम्हां धर्मगुरूंना पापनिवेदनातील गुप्ततेचे बंधन आहे आणि ते कोणत्याही कारणाने मोडता येत नाही. कदाचित त्यामुळेच आपल्या लोकांना प्रत्येक गुपित पवित्र वाटते. परंतु सिक रूमची खाट म्हणजे पापनिवेदनाची जागा नव्हे. मुलावर लैंगिक अत्याचार झाल्याचे कळले किंवा तशी भीती वाटली, तर २०१२ च्या पॉक्सो कायद्याच्या १९ व्या कलमानुसार ते पोलिसांना कळवणे प्रत्येक व्यक्तीवर बंधनकारक आहे. न कळवणे हा २१ व्या कलमाखाली गुन्हा आहे. त्याला सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते आणि संस्थेच्या प्रमुखाने आपल्या हाताखालच्या माणसाचा गुन्हा दडवला तर वर्षापर्यंत. सद्‌हेतूने कळवणाऱ्याला कायदा संरक्षण देतो. तेव्हा खरे उत्तर असे: “मी तिला ‘कुणाला सांगणार नाही’ असं वचन देणार नाही. ज्यांना सांगायलाच हवं तेवढ्यांनाच सांगेन, तिचं नाव स्टाफरूममध्ये जाऊ देणार नाही, आणि ती बोलली हे चांगलं केलं असं तिला सांगेन.” बालकांसाठीचा १०९८ हा क्रमांकही ठाऊक असावा.

वचन न देणे त्या क्षणी कठोर वाटेल. मूल गप्पही होईल कदाचित. पण वचन देऊन मोडले तर ज्या एका मोठ्या माणसावर त्या मुलीने विश्वास टाकला, त्यानेही फसवले असे तिच्या मनात राहील. आणि वचन देऊन पाळले तर अत्याचार चालू राहील. दोन्हींपेक्षा आधीच खरे सांगणे बरे. आणि समजा, मुलाखत घेणाऱ्यांपैकीच कोणी हलक्या आवाजात म्हणाले, “पण शाळेच्या नावाचा विचार करून आधी आम्हांला विचाराल ना?” तर? संस्थेचे नाव जपण्यासाठी मुलांना गप्प बसवण्याचा मार्ग आपल्या ख्रिस्तसभेतही जगात ठिकठिकाणी चोखाळला गेला, आणि त्याची किंमत मुलांनी मोजली. २०१९ साली पोप फ्रान्सिस यांना त्यासाठी स्वतंत्र आदेश काढून धर्मगुरूंवर आणि व्रतस्थांवर कळवण्याचे बंधन घालावे लागले. अशा प्रश्नाला उमेदवाराने नोकरी जाण्याच्या भीतीने मान डोलावू नये. “मी आपल्याला कळवीन, पण कळवून थांबणार नाही”, एवढे म्हणावे.

याचा अर्थ मुलाखतीत विचारलेल्या प्रत्येक गोष्टीला संपूर्ण उत्तर द्यायलाच हवे, असा मात्र नाही. “लग्न कधी करणार?” “दुसरं मूल होऊ देणार का?” “नवरा पितो का?” असे प्रश्न आपल्याकडे अजूनही बिनदिक्कत विचारले जातात. इथे जुन्या नीतिशास्त्रज्ञांनी बरेच डोके खपवले आहे. संत थॉमस अक्वायनस यांच्या मते खोटे बोलणे कधीच योग्य नाही. पण सत्य शहाणपणाने झाकून ठेवणे योग्य असू शकते. पुढे काहींनी यातून भलतीच पळवाट काढली: तोंडाने अर्धे वाक्य बोलायचे आणि उरलेले मनात म्हणायचे, म्हणजे खोटे लागत नाही! १६७९ साली पोप इनोसंट अकरावे यांनी ती पळवाट बंद केली. कॅथलिक धर्मशिक्षणग्रंथात मात्र हे स्पष्ट आहे, की ज्याला एखादी गोष्ट जाणण्याचा हक्क नाही त्याच्यापुढे ती उघड करण्याचे बंधन कोणावर नाही. म्हणून “माझ्या घरच्या गोष्टींमुळे कामाच्या वेळा चुकणार नाहीत, त्याची खात्री मी देते”, असे म्हणून थांबणे हे खोटे नव्हे आणि उद्धटपणाही नव्हे.

पण जाणण्याचा हक्क असेल तिथे हे झाकण चालत नाही. परदेशी जाण्याचा व्हिसा हातात आहे, तिकीट ऑगस्टचे आहे, आणि जूनमध्ये नोकरी धरायची. हे लपवणे अप्रामाणिकपणाचे आहे, कारण दोन महिन्यांत मुलांना पुन्हा नवे माणूस. नुसता अर्ज केला असेल, जायचे की नाही तेच ठरले नसेल, तर सांगायलाच हवे असे आम्हांला वाटत नाही. प्रत्येक आशा जाहीर करायची म्हटली तर गरिबाला कोणी नोकरीच देणार नाही.

टेबलापलीकडे बसणाऱ्यांविषयीही चार शब्द, कारण त्यांतले अनेक जण हे पत्रक वाचतात. उमेदवाराकडून सत्याची अपेक्षा ठेवणाऱ्याने जागा आधीच ठरवून मुलाखतीचे नाटक करू नये. धर्मगुरूची चिठ्ठी मागणाऱ्यांनाही सांगणे आहे: आम्हांला जे ठाऊक आहे तेवढेच आम्ही लिहितो. मुलगी गायनवृंदात गाते, मिस्साला नियमित येते, घर चांगले आहे, हे लिहू. पण चांगला आवाज असलेल्या मुलीला रक्त पाहून भोवळ येत नाही, हे आम्ही कसे लिहावे? आणि पगाराचा विषय निघाला, की ‘ही नोकरी नाही, सेवा आहे’ असे ऐकवण्याची एक रीत पडली आहे. सेवा हा देणाऱ्याने आपणहून उच्चारायचा शब्द आहे. घेणाऱ्याने तो कमी पगाराचे समर्थन म्हणून वापरला, की तोही त्या खोलीतला एक खोटेपणाच होतो.

मुलाखतीच्या शेवटी बहुतेक ठिकाणी “तुम्हांला काही विचारायचंय?” असे म्हणतात आणि आपल्या मुली मान हलवून उठतात. उठू नये. खरे जाणण्याचा हक्क उमेदवारालाही आहे. खोलीत नळ आहे का, खाट आहे का, पडदा आहे का, हे विचारावे. कोणत्या मुलांना दमा, फिट किंवा मधुमेह आहे याची यादी पालकांकडून घेतली जाते का? मुलाला इस्पितळात न्यायची वेळ आली तर गाडी कोणाची, बरोबर कोण जाईल आणि पैसे तेव्हा कोण भरेल? मुलींना पॅड लागले तर कुठे मिळते? आणि प्रथमोपचाराच्या कपाटाची चावी कोणाकडे असते, तेही विचारावे. काही शाळांत ती कार्यालयात असते आणि कारकून बारा वाजता जेवायला जातात.